सीक्वेन्सर समेवर येतो का?

रूपकातला एक अभंग संगणकावर बसवायचा होता. गायिका आठवड्याने येणार होती, तोवर ठेका आणि पेटीचा ट्रॅक तयार हवा होता. सीक्वेन्सर उघडला, सात मात्रांची मांडणी केली, वेग ठरवला आणि शेजारी बसलेल्या तबलावादक काकांसाठी क्लिक सुरू केला. पहिल्या मात्रेवर ‘टिंग’, पुढच्या सहांवर ‘टक’. काकांनी दोन आवर्तने ऐकली आणि हात थांबवला. “अरे, रूपकात सम खालीवर असते. ‘ती ती ना’ हलकं यायला हवं, वजन पुढच्या ‘धी’वर. हा पहिल्याच मात्रेवर हातोडा मारतोय. मी याच्याबरोबर वाजवू की याच्याविरुद्ध?”

सॉफ्टवेअर बिघडलेले नव्हते. त्याला सातपर्यंत मोजता येत होते, पण तीन-दोन-दोन असे विभाग, खाली, भरी यांची त्याला कल्पनाच नव्हती. जाहिरातीत शेकडो वाद्ये आणि हजारो तयार लूप मिरवणारे ते सॉफ्टवेअर गाण्याच्या पहिल्याच मात्रेवर अडले. त्या दिवसापासून मी सीक्वेन्सर पारखताना सोयींची यादी बाजूला ठेवतो. आपले एक गाणे घ्यायचे, ते पहिल्या आवर्तनापासून शेवटच्या तिहाईपर्यंत त्यात बसवायचे आणि गाणे कुठे कुठे अडते ते टिपून ठेवायचे. ही टिपणे म्हणजे परीक्षा, आणि सुधारणा सुचवण्यासाठी लागणारा कच्चा मालही त्यातच सापडतो.

सीक्वेन्सर म्हणजे काय, हे आधी पाहू. टेपरेकॉर्डर आवाज साठवतो, सीक्वेन्सर सूचना साठवतो: कोणता स्वर, केव्हा सुरू करायचा, किती जोरात वाजवायचा, केव्हा सोडायचा. भातखंडे यांच्या स्वरलिपीतले पान आणि सीक्वेन्सरची फाइल एकाच जातीची. दोन्हींमधून आपोआप आवाज निघत नाही. पानाला गवई लागतो, फाइलला सिंथेसायझर.

या सूचनांची आजची भाषा म्हणजे मिडी. जानेवारी १९८३मध्ये अमेरिकेतल्या ‘नॅम’ या वाद्यव्यवसायाच्या प्रदर्शनात सीक्वेन्शियल सर्किट्सचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ वायरीने जोडले गेले. एकावर दाबलेली पट्टी दुसऱ्यावर वाजली. अमेरिकेतले डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी यांना या कामासाठी २०१३मध्ये टेक्निकल ग्रॅमी मिळाले. १२८ स्वर, जोराच्या १२८ पायऱ्या, १६ वाहिन्या आणि सेकंदाला ३१,२५० बिट एवढ्यावर ही भाषा उभी आहे. साधी आणि स्वस्त म्हणून ती चार दशके टिकली. पण तिच्या मुळाशी पट्टीचे वाद्य आहे. पट्टी दाबली की स्वर सुरू, सोडली की बंद. सारंगी, सतार आणि माणसाचा गळा या चौकटीत अवघडून बसतात. ऑल इंडिया रेडिओने १९४०मध्ये पेटीला बंदी केली, तेव्हाच्या आक्षेपांत पेटीवर मींड निघत नाही, तिचे स्वर ठरीव आहेत, हेही होते. तोच आक्षेप आज सीक्वेन्सरसमोर उभा आहे.

एखादी बारीक सोय किती फरक पाडते, याचे उदाहरण मुंबईतच आहे. हिंदी चित्रपटसंगीतात वाजवणारे वादक चरणजित सिंग यांनी १९८२मध्ये रोलँडची तीन यंत्रे घेतली: ज्युपिटर-८ सिंथेसायझर, टीआर-८०८ ड्रम मशीन आणि टीबी-३०३. त्यांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बांधून त्यांनी ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी काढली. तेव्हा तिच्याकडे फारसे लक्ष गेले नाही. २०१०मध्ये ती पुन्हा प्रकाशित झाली, तेव्हा शिकागोच्या ‘अॅसिड हाउस’ या नृत्यसंगीताच्या आधी मुंबईत असा आवाज निघाला होता हे ऐकून बाहेरचे जाणकार थक्क झाले. यातले टीबी-३०३ हे बेस गिटारच्या जागी वाजवायचे यंत्र. आत सोळा खान्यांचा सीक्वेन्सर, आणि प्रत्येक खान्याला ‘स्लाइड’ची सोय, म्हणजे स्वर न तोडता पुढच्या स्वरावर घसरत जायचे. यंत्राच्या ओळीत रागाचा वास येतो तो बराचसा या सोयीमुळे. सूर सरकवण्याचे एक बटण नसते, तर ती तबकडी पेटीसारखी तुटक वाजली असती.

आता परीक्षेकडे येऊ. माझी पहिली परीक्षा लयीची, आणि इथे मी सर्वाधिक वेळ घालवतो.

सीक्वेन्सर काळाचे तुकडे करून मोजतो. एका मात्रेचे जेवढे तुकडे, त्या प्रत्येक तुकड्याला ‘टिक’ म्हणतात. ठोका टिकवर पडतो, दोन टिकांच्या मधे पडू शकत नाही. एलएमएमएस हे विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालणारे, कुणालाही मोफत मिळणारे, खुले सॉफ्टवेअर घेऊ. त्याचे काम २००४मध्ये सुरू झाले आणि शाळा-कॉलेजांतल्या मुलांना मी तेच सुचवतो. त्यात एका मात्रेचे ४८ तुकडे होतात. मिनिटाला शंभर मात्रांच्या लयीत एक टिक साडेबारा मिलिसेकंदांचा होतो. चालत्या गाण्याला तेवढे पुरते. ४८ला दोनाने, तीनाने, चाराने, आठाने, सोळाने भाग जातो, म्हणून दुगुन, तिगुन, चौगुन स्वच्छ बसते.

पण एका मात्रेत पाच बोल बसवून पाहा. अठ्ठेचाळीसला पाचाने भाग जात नाही. सॉफ्टवेअर जवळचा टिक पकडते आणि बोलांमधली अंतरे १०, ९, १०, ९, १० अशी पडतात. सात बोल घातले तर सहा अंतरे सात-सात टिकांची आणि मधले एक सहा टिकांचे. मिनिटाला साठ मात्रांच्या लयीत ते एक अंतर इतरांपेक्षा सुमारे २१ मिलिसेकंदांनी आखूड असते. ऐकताना चालत्या माणसाला ठेच लागावी तसे वाटते. कुआड, बिआड लयीचा सराव ज्याला करायचा आहे, त्याच्या कानाला ही ठेच नको आहे. विलंबित एकतालात तर मात्रा चार सेकंदांपर्यंत लांबते, म्हणजे एक टिक ८३ मिलिसेकंदांचा होतो. लय जितकी संथ, तितकी जाळी विरळ. विलंबितात तबलजी मात्रांच्या मधे भरतो ते बारीक ‘तिरकिट’ या जाळीत नीट अडकतच नाही.

इतर सॉफ्टवेअर मात्रेचे याहून बारीक तुकडे करतात. रीपर आणि लॉजिक यांत एका मात्रेचे ९६० टिक असतात. अंतरे खूप बारीक होतात, पण ९६०लाही सातने पूर्ण भाग जात नाही. सगळे आकडे दोन, तीन, पाच यांच्या गुणाकारातून आले. बिआडची गरज त्या आकड्यामागे नव्हती. मी सुचवतो तो आकडा ३३६०. त्याला दोनापासून आठापर्यंत प्रत्येक संख्येने, शिवाय सोळाने आणि बत्तीसने पूर्ण भाग जातो. शिवाय ३३६० म्हणजे ४८ गुणिले ७०, म्हणून एलएमएमएसच्या जुन्या फायलींतला प्रत्येक आकडा सत्तरने गुणला की जुने गाणे जसेच्या तसे उघडेल, एकही ठोका हलणार नाही. मिडी फाइलमध्ये एका मात्रेला ३२,७६७पर्यंत टिक मांडता येतात, तेव्हा फाइलच्या बाजूनेही अडचण नाही. ज्यांचा आकडा आज ९६० आहे, त्यांना ६७२० सोयीचा पडेल.

लयीच्या परीक्षेचा दुसरा भाग क्वांटाइझचा. हाताने वाजवलेले ठोके जवळच्या रेघेवर ओढून बसवणे म्हणजे क्वांटाइझ. अमेरिकेच्या रॉजर लिन यांनी १९८०च्या एलएम-१ या ड्रम मशीनमध्ये ही सोय दिली आणि तिच्याबरोबरच झोकाही दिला. ठोक्यांच्या जोडीतला दुसरा ठोका टक्केवारीने मागे सरकवायचा. पन्नास टक्के म्हणजे सरळ, सहासष्ट टक्क्यांच्या आसपास तिगुनीचा झोका. जॅझ आणि हिप-हॉप यांना हा झोका मानवला. ढोलकीचा झोका मात्र जोडीजोडीने चालत नाही. लावणीच्या ठेक्यात कुठला बोल रेघेच्या पुढे येतो, कुठला मागे रेंगाळतो, हे आवर्तनातल्या त्याच्या जागेवर ठरते. म्हणून मी पाहतो ते असे: चांगल्या ढोलकीवाल्याचे एक आवर्तन ध्वनिमुद्रित करून त्यातली पुढे-मागे अंतरे उचलता येतात का, आणि ती दुसऱ्या ट्रॅकवर निम्म्या प्रमाणात लावता येतात का? एबलटन लाइव्ह आणि क्यूबेस यांत अशी सोय आहे. एलएमएमएसमध्ये ती यायला हवी. क्वांटाइझ शंभर टक्के लावून सपाट केलेल्या लावण्या आपण जत्रेच्या लाउडस्पीकरवर रोज ऐकतो. त्यांत ढोलकी असते, ठसका नसतो.

आता काकांनी पकडलेला दोष. बहुतेक सीक्वेन्सरना ‘सात चतुर्थांश’ एवढेच सांगता येते. एलएमएमएसच्या ठेक्याच्या खिडकीत तर खान्यांचे रंग चार-चारच्या गटांनीच बदलतात. सुधारणा अगदी छोटी आहे: ताल निवडला की विभागांच्या रेघा पडाव्यात, झपतालाला दोन-तीन-दोन-तीन, धमाराला पाच-दोन-तीन-चार, सम, टाळी आणि खाली यांना तीन वेगळे क्लिक असावेत, आणि मोजणी ‘बार ४७’ ऐवजी आवर्तनाच्या आकड्याने व्हावी. कोणत्या मात्रेवर कोणता ठोका वाजावा हा नमुना रीपरमध्ये आजही आपल्याला ठरवता येतो, म्हणजे हे अशक्य काम नाही. वेगाची खालची मर्यादाही पाहावी. एबलटन लाइव्ह मिनिटाला वीसच्या खाली जात नाही. विलंबितासाठी मग एका मात्रेला चार मात्रा मानून काम चालवावे लागते आणि पडद्यावरची सगळी मोजणी खोटी होते.

दुसरी परीक्षा सुराची. कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये एक गांधार लावा आणि तो ओढत षड्जावर आणा. मिडीत यासाठी ‘पिच बेंड’ची सूचना असते. तिला १६,३८४ पायऱ्या आहेत, म्हणजे बारकावा भरपूर. पण तिची नेहमीची धाव वर-खाली दोन अर्धस्वरांचीच असते. गांधार ते षड्ज हे अंतर चार अर्धस्वरांचे. त्यामुळे मींड रिषभावर येऊन अडते. धाव वाढवायची तर ती सीक्वेन्सरमध्ये आणि वाजवणाऱ्या सिंथेसायझरमध्ये, दोन्हीकडे सारखीच वाढवावी लागते. एकीकडे विसरलो तर सूर भलतीकडे जातो. दुसरी अडचण अशी की ही सूचना अख्ख्या वाहिनीला लागते. त्याच वाहिनीवर मागे षड्ज-पंचम धरलेले असतील, तर गांधाराबरोबर तेही घसरतात.

यावर उपाय निघालेले आहेत. २०१८मध्ये मान्य झालेल्या ‘एमपीई’ पद्धतीत प्रत्येक स्वराला स्वतंत्र वाहिनी देऊन प्रत्येकाची मींड वेगळी ठेवता येते. २०२०च्या मिडी २.०मध्ये ती सोय भाषेतच आली. एलएमएमएसने तर याआधीच, आपल्या पियानो रोलमध्ये, म्हणजे स्वर आडव्या पट्ट्यांनी मांडायच्या खिडकीत, एकेका स्वराच्या पट्टीवर वळणदार रेघ काढून सूर सरकवण्याची सोय दिली होती. ती पहिल्यांदा वापरली तेव्हा मला स्वरलिपीतली मींडेची कमान आठवली. मात्र ही रेघ काढायची तर वेगळ्या खिडकीत बिंदू मांडत बसावे लागते. सुचवावीशी सुधारणा म्हणजे ती कमानच: दोन स्वर निवडावेत, एक कळ दाबावी, मधे मींड पडावी, आणि ती सुरुवातीला रेंगाळते की शेवटी, हे माउसने ओढून ठरवता यावे. कणस्वर आणि आंदोलन यांनाही असेच एकेक चिन्ह द्यावे. भैरवाचा रिषभ, दरबारीचा गांधार बिंदू मांडत मांडत काढण्यात संध्याकाळ जाते आणि शेवटी हाती लागतो तो सायरन.

सुराच्या जागेचा प्रश्न याहून नाजूक. पियानोच्या समान विभागणीत शुद्ध गांधार षड्जापासून ४०० सेंटवर असतो (एका अर्धस्वराचे शंभर सेंट). तानपुऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू गांधार निघतो तो ३८६ सेंटवर. फरक १४ सेंटचा. षड्ज २४० हर्ट्‌झला धरला, तर तानपुऱ्याच्या हिशेबाने गांधार ३०० हर्ट्‌झ, सीक्वेन्सरच्या हिशेबाने ३०२.४. दोन्ही एकत्र लावले की सेकंदाला दोन-अडीच हेलकावे ऐकू येतात. यमन बांधताना हे हेलकावे कानाला टोचतात. एबलटन लाइव्हने २०२४च्या बाराव्या आवृत्तीत स्वरांच्या जागा बदलण्याची सोय दिली, एलएमएमएसच्या १.३च्या चाचणी आवृत्त्यांतही ती आली आहे. पण स्वरांची फाइल शोधून, आकडे तपासून ती लावण्याचे काम गवयाने करावे ही अपेक्षा जास्त आहे. त्याला ‘काळी एक’ पट्टी आणि राग एवढेच विचारावे. पडद्यावर स्वरांची नावेही त्या पट्टीच्या हिशेबाने सा, रे, ग अशी दिसावीत. आज काळी एकचा षड्ज ‘सी शार्प’ म्हणून वाचावा लागतो आणि प्रत्येक ओळीला मनातल्या मनात भाषांतर करावे लागते.

बाकीच्या परीक्षा मी लवकर उरकतो. पट्टी दाबल्यापासून आवाज यायला किती वेळ लागतो ते पाहावे. आवाजाचे १०२४ नमुन्यांचे गाठोडे बांधून पाठवले, तर सेकंदाला ४४,१०० नमुने या नेहमीच्या दराने २३ मिलिसेकंदांचा उशीर होतो, म्हणजे तबलजी आठ मीटर लांब बसल्यासारखा. २५६वर आणले की तो दोन मीटरच्या आत येतो. ट्रॅकला ‘ढोलकी’ असे देवनागरीत नाव द्यावे, फाइल जतन करून पुन्हा उघडावी आणि नाव टिकले का ते बघावे. एलएमएमएसच्या १.२ आवृत्तीत माइकवरून आवाज थेट घेण्याची सोय नाही, त्यामुळे गाणे गायचे असेल तर दुसरे सॉफ्टवेअर जोडीला लागते. ही त्याची मोठी उणीव आहे आणि ती विद्यार्थ्यांना आधीच सांगायला हवी.

दोन गोष्टी मात्र घाईने सोडता येत नाहीत. पहिली, दृष्टिहीन संगीतकारांची. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर सुरू करा, माउस बाजूला ठेवा आणि फक्त कळफलकावर चार मात्रांचा ठेका बांधून पाहा. रीपरसाठी ‘ओसारा’ नावाची खुली पुरवणी आहे, त्यामुळे जगभरचे अनेक दृष्टिहीन वादक ते वापरू शकतात. पुष्कळ सॉफ्टवेअर या परीक्षेत पहिल्याच खिडकीत मुके होतात. आपल्याकडे अंधशाळांतून किती चांगले गळे आणि हात तयार होतात हे पाहता, ही परीक्षा मी तळटीप म्हणून देऊ शकत नाही.

दुसरी गोष्ट गाण्याच्या आयुष्याची. ‘स्टुडिओ व्हिजन’ हे एकेकाळचे नावाजलेले सॉफ्टवेअर. ते काढणारी ओपकोड कंपनी गिब्सनने १९९८मध्ये विकत घेतली आणि लवकरच तिचे काम थांबले. त्यात बांधलेली गाणी उघडायला आज जुने यंत्र शोधावे लागते. एलएमएमएस, आर्डर, रीपर यांच्या फायली मजकुराच्या स्वरूपात असतात किंवा तशा उलगडता येतात. उद्या सॉफ्टवेअर नसले तरी आत काय लिहिले आहे ते वाचता येईल. तरीही गाणे पूर्ण झाले की प्रत्येक ट्रॅकची वेगळी आवाजाची फाइल काढून ठेवावी, आणि सोबत मिडी फाइलही.

आता सुधारणा सुचवायची कशी. “तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय संगीताची सोय नाही, ती करा” अशी सूचना लिहिणाऱ्याला बरे वाटते, करणाऱ्याच्या मात्र काही हाती लागत नाही. त्याला ताल ठाऊक नाही आणि तो शिकायला त्याच्याकडे वर्ष नाही. मी लिहितो ते साधारण असे: “आवृत्ती १.२.२. सात मात्रांची मांडणी केली. पहिल्या मात्रेचा क्लिक मोठा वाजतो. मला चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर मोठा आणि पहिल्यावर हलका क्लिक हवा, कारण या तालाची पहिली मात्रा हलकी असते. सोबत दहा सेकंदांचे ध्वनिमुद्रण आणि फाइल जोडली आहे.” यात कोणते बटण कुठे बसवावे हे सांगितलेले नाही, काम सांगितले आहे, अडचण सांगितली आहे आणि ऐकायला पुरावा दिला आहे. बटण कुठे बसवायचे ते बनवणाऱ्याला आपल्यापेक्षा चांगले कळते. एका सूचनेत एकच मागणे असावे. जुन्या फायलींचे काय होईल, याचा विचार आपण आधीच केलेला असावा, जसा वर सत्तरच्या गुणाकाराचा केला. आणि शक्य असेल तिथे आपली गरज दुसऱ्या कुणाच्या गरजेला जोडून दाखवावी. तीन-दोन-दोनचे विभाग बल्गेरियाच्या लोकसंगीतालाही लागतात, सूर सरकवणे तुर्की आणि अरबी गाण्यालाही. मागणारे हात वाढले की काम लवकर होते.

खुल्या सॉफ्टवेअरचे काम करणारे बहुतेक स्वयंसेवक असतात. दिवसाची नोकरी करून रात्री ते हे दोष दुरुस्त करतात. त्यांना तुमची स्पष्ट सूचना आणि दहा सेकंदांचे ध्वनिमुद्रण याहून उपयोगी असे आपण फारसे काही देऊ शकत नाही. तेव्हा आज रात्री कोणताही एक मोफत सीक्वेन्सर उतरवून घ्या, आपल्या गावच्या भजनी मंडळाचा एक ठेका त्यात बसवा, तो जिथे अडेल ती जागा लिहून काढा आणि ती फाइल जोडून पाठवा.